स्वतःच्या कामाला वेळ



पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. शाळा सुटलेल्या, पोटापाण्याच्या उद्योगाला लागलेल्या माणसांनीही दिवसातला घटकाभर वेळ ज्ञानासाठी राखावा, असा त्या उपक्रमाचा सरळ हेतू होता. आज पिंगळीत आपण सारे शेतातली व घरातली कामे उरकून इथे जमला आहात, तेव्हा निम्मे व्याख्यान आपणच आम्हांला दिले आहे. उरलेले निम्मे आम्ही बोलणार आहोत.

प्रत्येकाच्या मनात एखादे काम पडून असते. कोणाला वाचायला शिकायचे असते, कोणाला पेटी वाजवायची असते, कोणाला राहिलेली परीक्षा द्यायची असते. त्याविषयी विचारले की दोनच उत्तरे मिळतात. तरुण म्हणतो, "सध्या वेळ नाही, पुढे बघू." म्हातारा म्हणतो, "आता काय, गोवऱ्या मसणात गेल्या!" या दोन उत्तरांच्या मध्ये सबंध आयुष्य निघून जाते. पहिल्या उत्तराची वेळ केव्हा संपली आणि दुसऱ्याची केव्हा सुरू झाली, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही.

पहिले उत्तर आधी तपासू. सातोन्याचे बी. रघुनाथ यांचा जन्म १९१३ चा. निजामी राजवटीत बांधकाम खात्यात त्यांनी कारकुनी केली. दिवसभर सरकारी कागद आणि घरी संसार, अशा स्थितीत त्यांनी कविता, कथा आणि 'बाबू दडके', 'आडगावचे चौधरी' यांसारख्या कादंबऱ्या लिहिल्या. पेन्शन घेतल्यावर निवांत लिहू, असे त्यांनी ठरवले असते तर? १९५३ साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी ते वारले. पेन्शनीचा दिवस त्यांच्या आयुष्यात उगवलाच नाही. मराठवाड्याचे मराठी साहित्य तेवढ्याने दरिद्री राहिले असते.

आता दुसरे उत्तर. धोंडो केशव कर्वे मॅट्रिक झाले तेच मुळी तेविसाव्या वर्षी. पुढे हिंगण्याचा आश्रम निघाला तेव्हा कॉलेजातले शिकवणे आटोपून ते पायी हिंगण्याला जात. महिला विद्यापीठ त्यांनी १९१६ साली काढले, तेव्हा त्यांचे वय ५८ होते. आणि खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी १९३६ साली मंडळ स्थापले, तेव्हा ७८. महामहोपाध्याय काणे यांनी हायकोर्टातली वकिली सांभाळून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. पहिला खंड १९३० साली निघाला आणि शेवटचा १९६२ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी. साठी बुद्धी नाठी, ही म्हण ज्याने केली त्याने ही माणसे पाहिलेली नव्हती.

यावर आपण म्हणाल, "ती मोठी माणसे, त्यांचे आम्हांला काय सांगता?" हा आक्षेप रास्त आहे. मोठ्यांची चरित्रे ऐकून माणूस घटकाभर चेव खातो आणि घरी जाऊन झोपतो. म्हणून आता ज्यांना कोणी मोठे म्हणत नव्हते अशांचे उदाहरण घेऊ.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी साठीच्या पुढच्या, काही तर नव्वदीला टेकलेल्या. गुलाबी नऊवारी हा गणवेश, खांद्याला दप्तर, हातात पाटी. या शाळेची वेळ पाहण्यासारखी आहे. ती दुपारी दोन ते चार अशी ठेवली होती, म्हणजे सकाळचे काम उरकलेले असावे आणि संध्याकाळची चूल पेटायची असावी. आजीबाईंनी कामे टाकून शाळेत यावे, असे कोणी म्हटले नाही. शाळाच त्यांच्या कामाच्या सांदीत बसवली. अंगठ्याच्या जागी स्वतःच्या हाताने सही करणे, एवढेच त्यांतल्या कित्येकींचे ध्येय. ज्यांना ते लहान वाटते, त्यांनी सही येत नसताना कधी कागदावर अंगठा उठवलेला नाही.

वेळ काढण्याची ही विद्या आपल्याला परकी नाही. वारीकडे पाहा. आषाढीची वारी पेरणीच्या धांदलीत येते. सावकाराचे देणे असते, पावसाचा भरवसा नसतो, घरात आजारपण असते. तरी वारकरी निघतोच. बाकीच्या अकरा महिन्यांत ज्याला पंधरा मिनिटे सवड नाही, त्याला पंधरा-वीस दिवस कुठून मिळतात? आमच्या मते तीन गोष्टींतून. तिथी ठरलेली असते, त्यामुळे "जावे की न जावे" हा विचारच उरत नाही. दिंडीची सोबत असते, त्यामुळे एकट्याचा निश्चय ढिला पडला तरी पाऊल थांबत नाही. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की घराने ती वारी मान्य केलेली असते. मागे गुरांना पाणी कोण पाजणार हे आधीच ठरलेले असते.

या तिन्ही गोष्टी आपल्या पडून असलेल्या कामाला लावून पाहा. रोजची एक वेळ नेमावी; ती अर्ध्या तासाचीच असो, पण हरिपाठासारखी न चुकणारी असो. दोघे-तिघे सोबती धरावेत. आणि घरात उघड सांगावे की हा अर्धा तास माझा.

पण येथेच खरी अडचण आहे, आणि ती आम्ही आडपडद्याशिवाय बोलणार आहोत. पुरुषाने असा अर्धा तास मागितला तर तो मिळतो. पारावर तो रोज दोन तास बसतो, त्याचा हिशेब कोणी मागत नाही. बाईने मागितला तर घर विचारते, "मग भाकरी कोण थापणार?" गंगाखेडच्या जनाबाईंची आठवण आपण अभिमानाने काढतो. दळता-कांडता त्यांनी अभंग रचले, कारण दळणकांडणाखेरीज वेळ त्यांच्या वाट्याला आलाच नाही. रमाबाई रानड्यांना पती शिकवत असताना घरातल्या बायकांचाच विरोध सोसावा लागला. आजही दिवसभर कापूस वेचून आलेली बाई चुलीपुढे बसते, तेव्हा तिच्याजवळ वेळ नसतो याला तिचा आळस कारण नाही. तिचा वेळ आपण सर्वांनी मिळून खर्च केलेला असतो. तिला "वेळ काढा" असा उपदेश करणे ही थट्टा होईल. तिच्या बाबतीत वेळ काढायचा तो घरच्यांनी. मुलाने पाणी भरावे, नवऱ्याने जनावरांचे पाहावे, सुनेला पुस्तक उघडता यावे म्हणून सासूने एक वेळचा स्वयंपाक अंगावर घ्यावा. हे झाले नाही, तर आमचे हे सारे व्याख्यान पुरुषांपुरतेच राहील.

मराठवाड्यावर हे ऋण जरा जास्तच आहे. १९४८ पर्यंत येथे राज्यकारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, शाळा थोड्या होत्या आणि मुलींसाठी तर त्याहून थोड्या. त्या काळात व त्यानंतरच्या ओढगस्तीत ज्यांची अक्षरओळख राहून गेली, त्या आजीबाई अजून आपल्या घराघरांत आहेत. त्यांच्या नातवंडांच्या दप्तरात पाटी-पेन्सिल आहे. नातवाने संध्याकाळी आजीला रोज एक अक्षर गिरवायला दिले, तर अक्षरांची ओळख व्हायला दोन महिने पुरे होतात. ज्यांचे कॉलेज सुटले, त्यांच्यासाठी १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ निघाले ते याच विचाराने, की शिकणाऱ्याने नोकरी किंवा शेती सोडू नये.

आमची विनंती एवढीच. प्रत्येकाने आज घरी गेल्यावर आपले पडून राहिलेले एक काम घरच्यांना मोठ्याने सांगावे, आणि मग घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाला विचारावे, "तुझे काय राहिले आहे?" त्या उत्तरासाठी अर्धा तास बाजूला काढणे हे त्या घराचे काम आहे.