शाळेची सुरक्षितता आणि अनुदानाचा हिशेब
(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी बँकेतला एक कारकून आहे, शिक्षणतज्ज्ञ नाही. तरीही शाळेच्या सुरक्षिततेवर बोलायला उभा आहे, याचे कारण असे की हा विषय जितका मायेचा आहे तितकाच पैशाचा आहे, आणि पैशाचा हिशेब हे माझे रोजचे काम आहे. शासन शाळेच्या सुरक्षेसाठी अनुदान देते काय? देत असेल तर ते आपल्या गावच्या शाळेपर्यंत येते काय? आणि आले नाही तर विचारायचे कोणी? या तीन प्रश्नांपुरतेच मी बोलणार आहे.

शिक्षणावरच्या सरकारी खर्चाचा हिशेब मागणे आपल्याला नवे नाही. मार्च 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी हाच हिशेब मांडला होता. सरकार शिक्षणावर दरडोई 14 आणे खर्च करते आणि अबकारी करातून त्याच माणसाकडून दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिले. आपल्याला घ्यायचा आहे तो हा धडा. नुसती तक्रार करू नये, आकडा हातात घेऊन बोलावे.

आता प्रश्न किती गंभीर आहे ते पाहू. जुलै 2004 मध्ये तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला आग लागून 90 हून अधिक मुले मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2009 मध्ये निकाल दिला की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. ऑगस्ट 2017 मध्ये अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, निंबोडी येथील जिल्हा परिषद शाळेची इमारत कोसळली आणि तीन विद्यार्थी दगावले. मराठवाड्यात निजामकालीन इमारतींत भरणाऱ्या शाळा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत, कित्येकांनी त्यांतच बाराखडी गिरवली आहे. आणि ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला, तोही शाळेत काम करणाऱ्या माणसाकडून. आग, पडकी भिंत आणि विश्वासघातकी माणूस, अशी तीन संकटे आपल्या लेकरांभोवती उभी आहेत.

यासाठी अनुदान किती? 2018 पासून सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत प्रत्येक सरकारी शाळेला पटसंख्येनुसार संयुक्त शाळा अनुदान ठरवले गेले. तीसपर्यंत पट असेल तर 10 हजार रुपये, शंभरपर्यंत 25 हजार, अडीचशेपर्यंत 50 हजार. यातच किरकोळ दुरुस्ती, खडू-फळा, वीजबिल आणि स्वच्छता भागवायची. याखेरीज सुरक्षिततेसाठी म्हणून शाळेमागे वर्षाला 2 हजार रुपयांचा स्वतंत्र निकष होता. मी कारकून, म्हणून गणित केले. 90 मुलांच्या शाळेत, वर्षाचे 220 दिवस धरले, तर एका मुलाच्या सुरक्षेसाठी रोज 10 पैसे पडतात. इतक्या पैशांत रखवालदार मिळत नाही, कुंपणही होत नाही.

बदलापूरच्या घटनेनंतर 21 ऑगस्ट 2024 रोजी राज्य शासनाने निर्णय काढला. खाजगी शाळांनी एका महिन्यात सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत, अन्यथा अनुदान रोखण्याची किंवा मान्यता रद्द करण्याची कारवाई होईल, असे त्यात बजावले. सरकारी शाळांसाठी जिल्हा वार्षिक योजनेतील शालेय शिक्षणाकरिता राखलेल्या 5 टक्के निधीतून कॅमेऱ्यांना प्राधान्य द्यावे असे सांगितले. कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांवरही भर दिला.

निर्णय स्वागतार्ह आहे. तरी दोन शंका मनात येतात. चूक व्यवस्थापनाची, पण अनुदान थांबले तर त्या शाळेतले गरिबाचे मूल जाणार कुठे? दुसरे असे की, वीजबिल थकून जोडणी तुटलेल्या शाळेत कॅमेरा काय टिपणार? कॅमेरा झाल्या गोष्टीचा पुरावा ठेवतो. मुलीच्या स्वच्छतागृहाला कडी नसेल तर ती कडी तो लावत नाही. म्हणून माझे मत असे की, पैसा अपुरा असताना क्रम ठरवावा. आधी छत आणि भिंत, मग मुलींचे दार-कडीचे स्वच्छतागृह व पाणी, मग कुंपण, मग आग विझवण्याचे साधन आणि ते वेळेवर भरून घेणे, आणि वीज टिकणार असेल तेथे कॅमेरा. चारित्र्य पडताळणी आणि तक्रारपेटी यांना तर पैसा जवळजवळ लागतच नाही. त्या आजही होऊ शकतात.

मग हा क्रम ठरवणार कोण? बंधू-भगिनींनो, माझ्या भाषणाचा गाभा येथे आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 ने शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर देखरेख करणे हे या समितीचे कायद्याने ठरवलेले काम आहे. कलम 22 सांगते की, समितीने शाळा विकास आराखडा करावा आणि शासनाच्या अनुदानाचा आधार तोच आराखडा असेल. म्हणजे जे आराखड्यात लिहिले नाही ते मागितलेच नाही असे होते.

पण आपण करतो काय? कोरऱ्या इतिवृत्तावर सही किंवा अंगठा देतो आणि घरी येतो. आपल्या जिल्ह्यात अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. आराखड्याची बैठक डिसेंबरात ठेवली तर ज्यांच्या मुलांना संरक्षणाची सर्वाधिक गरज तेच पालक फडात असतात. म्हणून ही बैठक दसऱ्याच्या आत घ्या असा आग्रह धरा. शाळेची जी माहिती दरवर्षी यू-डायसवर भरली जाते ती वाचून दाखवायला सांगा. तेथे 'संरक्षक भिंत आहे' असे भरले असेल आणि प्रत्यक्षात ती पडलेली असेल, तर कागदावर उभ्या असलेल्या भिंतीला कोणी पैसा देणार नाही.

बँकेतली एक गोष्ट सांगतो. 2021 पासून केंद्र पुरस्कृत योजनांचा पैसा एका मुख्य खात्यात ठेवून खालच्या खात्यांना खर्चाची मर्यादा देण्याची पद्धत आली. त्यामुळे शाळेच्या पासबुकात शिल्लक शून्य दिसते, पण त्याचा अर्थ पैसा आला नाही असा नव्हे. मंजूर मर्यादा 31 मार्चपर्यंत वापरली नाही तर ती हातची जाते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धावाधाव करून घेतलेल्या वस्तू गरजेच्या असतातच असे नाही. म्हणून दर बैठकीत दोनच प्रश्न विचारा : मर्यादा किती मिळाली? खर्च कशावर झाला? मुख्याध्यापकांना हे प्रश्न अडचणीचे वाटू नयेत. आपल्या ठरावामुळे त्यांच्याच मागणीला वजन येते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यातले जे महाविद्यालयात शिकतात त्यांनी आपापल्या गावी समितीच्या आयाबहिणींना आराखडा वाचून दाखवावा, मागणीचा अर्ज लिहून द्यावा आणि पोच घ्यावी. लहानग्यांनी 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक पाठ करावा. कोणी वावगे वागले तर घरी सांगावे. त्यात तुमचा दोष नसतो.

अनुदान ही कोणाची मेहरबानी नाही. तो आपल्याच कराचा पैसा आहे. तो आपल्या मुलाच्या डोक्यावरच्या छतापर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहणे आपले कर्तव्य आहे. येत्या दसऱ्यापूर्वी येथे बसलेल्या प्रत्येक पालकाने आपल्या शाळेचा आराखडा एकदा तरी वाचावा, एवढीच विनंती करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

जयभीम! जय भारत!