वळिवड्याचे पोलिश पाहुणे

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन विमानांनी वॉर्सावर बॉम्ब टाकले. त्याच महिन्यात पूर्वेकडून सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये घुसल्या आणि पुढे तिथल्या लाखो नागरिकांची सैबेरियात रवानगी झाली. त्यांतले सुमारे पाच हजार जण इराणमार्गे १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत आले. बहुतेक बायका आणि मुलं. छावणीत शाळा, चर्च, दवाखाना, एवढंच काय, सिनेमागृहही होतं. युद्ध संपल्यावर ही माणसं जगभर पांगली. काही कोल्हापूरच्याच मातीत विसावली. त्यांची आठवण वॉर्सात कोल्हापूर स्मारकानं जपली आहे आणि इथं कोल्हापुरात महावीर उद्यानातल्या स्मृतिस्तंभानं. उद्यानात गेलात, तर मुलांना तो स्तंभ दाखवा आणि ही हकिकत जरूर सांगा.