पाढे पाठ कसे होतील?
(मंडळाच्या सभेतील भाषण)



पाढा अडला म्हणून मूल रडते, तेव्हा नुसता पाढा नव्हे, त्याचा धीरही सुटत असतो. म्हणून आधी ओझे हलके करू या. दहापर्यंतच्या पाढ्यांत १०० गुणाकार दिसतात खरे. पण सात आठी छप्पन्न आले, की आठ साती छप्पन्न आलेच. एकाचा व दहाचा पाढा सोडून प्रत्येक जोडी एकदाच धरली, तर उरतात अवघे ३६. त्यांतून बे आणि पाच वगळले, की २१!

प्रथम ताटात चिंचोके मांडावे. सहा-सहाच्या चार ओळी. ताट फिरवले की चार-चारच्या सहा. चोवीस तेच, हे डोळ्यांनाच दिसते. सहा साती आठवेना, तर सहा पंचे तीस आणि सहा दुणे बारा मिळवून बेचाळीस काढू द्यावे. ‘एकोणपन्नास’ ऐकून मूल पन्नासाकडे धावते. तिथे ४९ लिहून दाखवावे.

समजले तरी पाठांतर हवेच. उत्तर चटकन आठवले, तर भागाकार करताना मन मोकळे राहते. मात्र रोज दहाच मिनिटे, उलटसुलट विचारावे. काल चुकलेले आज पुन्हा विचारावे. धपाटा नको, धाकट्या बहिणीशी तुलना नको.

ज्या भगिनींना शाळा लाभली नाही, त्यांनाही चिंचोके मांडता येतात. मुलाशेजारी बसणारी आई हवी. ती पदवीधरच हवी असे नाही.