मंदीतील गवंडी

लखनौचा चौक पाहावयास आलेला प्रवासी गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंतच्या अरुंद बाजारात अत्तरे आणि चिकनचे भरतकाम पाहतो, आणि मग थोड्याच अंतरावरील बड्या इमामबाड्याकडे वळतो. तेथे त्यास हमखास एक कथा ऐकविली जाते. दुष्काळात प्रजेला काम मिळावे म्हणून नवाब आसफउद्दौला याने ही इमारत बांधावयास घेतली. दिवसा सामान्य मजुरांनी बांधावे आणि रात्रीच्या अंधारात, ओळख लपवून आलेल्या खानदानी पण अन्नास मोताद झालेल्या लोकांनी ते पाडावे, म्हणजे काम संपावयाचे नाही आणि मजुरीही थांबावयाची नाही, असा तो प्रकार.

कथा हृद्य आहे. परंतु इमारत तिला दुजोरा देत नाही. इमामबाड्याचा मधला दिवाणखाना सुमारे ५० मीटर लांब, १६ मीटर रुंद आणि १५ मीटर उंच असून त्याच्या छतास तुळई नाही. अवधच्या मैदानात दगड दुर्मीळ. म्हणून पातळ लखौरी विटा आणि चुना-सुरखी यांवरच सारी भिस्त. अशी कमान ढोल्यावर एकेक थर चढवीत बांधावी लागते. रोज रात्री कोणी ती उकरीत असते, तर ती उभीच राहती ना. एखाद्या कुंपणभिंतीच्या बाबतीत तसे घडले असेल, नसेल. हे छत मात्र हात बसलेल्या गवंड्यांनी, एका जाणत्या नजरेखाली बांधलेले आहे. परंपरा तो मान किफायतुल्ला या वास्तुकारास देते.

दंतकथा बाजूस सारली म्हणजे खरी गोष्ट अधिक मोलाची ठरते. दुष्काळ १७८३-८४ चा. विक्रम संवत १८४० वरून लोक त्यास ‘चालीसा’ म्हणत. इमामबाड्याचे काम १७८४ मध्ये सुरू झाले आणि ते पुरे होईतो १७९१ उजाडले. म्हणजे दुष्काळ सरल्यावरही काम चालूच होते. १७७५ मध्ये राजधानी फैजाबादेहून लखनौस आली, तेव्हापासून या शहरात बांधकामाचा राबता वाढला होता. दुष्काळात ते कारागीर पोटामागे पांगले असते, तर त्यांना पुन्हा गोळा करणे सोपे नव्हते. पातळ विटेचाही येथे एक गुण दिसतो. तेवढ्याच भिंतीस ती मोठ्या विटेपेक्षा कितीतरी अधिक लागते, आणि तितकेच अधिक हात लावावे लागतात.

गवंड्याचा धंदा एकट्याचा नव्हे, हे येथे ध्यानी घ्यावयाचे. विणकरास माग आणि सूत मिळाले की त्याचे काम सुरू होते. एकोणिसाव्या शतकाअखेरच्या दुष्काळांत विणकरांना त्यांच्याच मागावर काम देण्याचे प्रयोगही झाले. गवंड्यास मात्र चुना मळणारा, परांची बांधणारा, वीट पोचविणारा बिगारी आणि ओळंब्याकडे नजर ठेवणारा मिस्त्री, असा संच लागतो. एक गेला तरी अडते. संच मोडला म्हणजे कसब कोणा एकाच्या हातात उरत नाही.

महाराष्ट्राचा अनुभव या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. १९७२ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे खडी फोडण्यास, बंधारे आणि रस्ते बांधण्यास गेली आणि जगली. त्यातूनच रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याचे ऋण कोण नाकारील? तथापि त्याने हमी दिली ती अकुशल अंगमेहनतीच्या कामाची. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही हाच शब्द उचलला. खडीच्या ढिगाशी सुतार, गवंडी आणि शेतमजूर सारखेच. पोट भरण्याच्या दृष्टीने ते न्याय्यच होते; पण थापी धरणारा हात दोन वर्षे घणावर पडला तर तो थापीकडे परततोच असे नाही.

पश्चिम जर्मनीने १९५९ साली बांधकाम मजुरांसाठी ‘वाईट हवामानाचा भत्ता’ सुरू केला. हेतू असा की बर्फ पडले तरी मजूर कंत्राटदाराच्या पटावरच राहावा आणि वसंतात संच तयार मिळावा. तो भत्ता १९९५ च्या अखेरीस बंद झाला. पण २००६ पासून डिसेंबर ते मार्च या काळासाठी तशीच तरतूद नव्या रूपाने आली. भारतात १९९६ च्या कायद्याने बांधकामखर्चावर उपकर बसवून मजुरांचे कल्याण मंडळ निर्माण केले, आणि हिवाळ्यातील प्रदूषणामुळे दिल्लीत बांधकामे थांबविली गेली तेव्हा त्या निधीतून निर्वाहभत्ताही दिला गेला. परंतु तो नोंद असलेल्या मजुराच्या नावावर एकेकट्याने जमा होतो. मजूर गावी जातो. संच राहतो तो फक्त मुकादमाच्या वहीत.

पैशापलीकडचा एक उपाय जुन्या कामातच आहे. चुना विरवून तो महिनोन्‌महिने पाण्याखाली मुरू द्यावा लागतो. जितका मुरेल तितका लोण्यासारखा मऊ होतो. सुरखी कुटणे आणि चाळणे, ढोल्याच्या लाकडी चौकटी दुरुस्त करणे, जाळीचे नमुने कोरणे, ही सारी कामे पावसात, छपराखाली बसून होण्याजोगी आहेत. नव्या पोरास कमानीचा छेद जमिनीवर आखून शिकविण्यासही मिस्त्रीला सवड मिळते ती याच दिवसांत. लखनौसारख्या शहरात जुन्या वास्तूंची डागडुजी कधी संपणारी नाही, आणि तीस सिमेंट चालत नाही. त्याने जुनी वीट ओल धरते आणि फुटते. ज्या खात्याकडे अशी डागडुजी असेल त्याने चुन्याची कुंडे आषाढापूर्वीच भरून घेतली, आणि त्यांच्या राखणीस मिस्त्रीसह तोच संच पावसाळाभर पगारावर ठेवला, तर आश्विनात परांची चढेल तेव्हा माणसे शोधीत फिरावे लागणार नाही.