बातमीदार ते इतिहासकार: रूबेन गोल्ड थ्वेट्स

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीचा इतिहास मूळ कागदपत्रांतून वाचता येतो, त्यामागे एका पत्रकाराचे कष्ट आहेत. रूबेन गोल्ड थ्वेट्स यांचा जन्म १८५३ चा, मॅसॅच्युसेट्समधला. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात ते एका दैनिकाचे संपादक होते. १८८७ मध्ये त्यांनी तिथल्या राज्य इतिहास संस्थेची सूत्रं हाती घेतली.

कागदपत्रं कपाटात पडून राहिली तर उपयोग काय? थ्वेट्स यांनी ती छापायचा सपाटाच लावला. जेझुइट मिशनऱ्यांच्या वृत्तान्तांचे ७३ खंड, जुन्या प्रवासवर्णनांचे ३२ खंड आणि पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत पोहोचलेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मूळ रोजनिशा त्यांनी संपादित केल्या.

पण ते नुसते टेबलाशी बसणारे नव्हते. वसाहतकरी ज्या वाटेनं पश्चिमेकडे सरकले, ती पाहायला १८९४ मध्ये ते बायकोमुलाला घेऊन छोट्या होडीतून निघाले. ओहायो नदीवरून सुमारे हजार मैल वल्हवत, रात्री काठावर तंबू ठोकत त्यांनी प्रवास केला आणि त्यावर पुस्तकही लिहिलं.

१९१३ मध्ये त्यांचं निधन झालं. सरहद्दीच्या अभ्यासकांना त्यांचे खंड आजही उघडावेच लागतात.