पवनीत एक दिवस
(संस्थेच्या लाखनी येथील विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सहलीचा विषय निघाला की आपल्याकडे नागपूरची दीक्षाभूमी, फार तर अजिंठा, वेरूळ आणि सांची एवढीच नावे पुढे येतात. ती यावीतच. पण आपल्याच जिल्ह्यात, एका दिवसात जाऊन परत येता येईल एवढ्या अंतरावर, सांचीशी नाते सांगणारे एक प्राचीन नगर आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ते बाजारहाट किंवा सोयरिकीच्या निमित्तापलीकडे पाहिलेले नाही. ते नगर म्हणजे पवनी.

आम्ही काही मंडळी मुलांना घेऊन सकाळच्या एस.टी.ने निघालो. लाखनीहून भंडारा, तिथून गाडी बदलून अड्याळमार्गे पवनी. पवनी वैनगंगेच्या काठावर वसलेली. गावाला जुना मातीचा तट आणि खंदक होता, त्याच्या खुणा अजून दिसतात. मंदिरे आणि घाट इतके की लोक तिला विदर्भाची काशी म्हणतात. मिरची आणि कोसा यांसाठीही ती ओळखली जाते. आणि हल्ली उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यामुळे वाघ पाहायला लांबलांबून मोटारी येतात. त्यातल्या किती जगन्नाथ टेकडीकडे वळत असतील, हा प्रश्नच आहे.

१९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि ज. प. जोशी हे त्या कामाचे प्रमुख. १९७२ साली त्याचा अहवाल विद्यापीठाने प्रसिद्ध केला. जगन्नाथाचे देऊळ ज्या टेकडीवर उभे, ती टेकडी नैसर्गिक नसून स्तूप आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास सुमारे ३६ मीटर. पवनीचा हा स्तूप त्याहून थोडा मोठाच भरतो! मौर्यकाळाच्या सुमारास विटांचा स्तूप उभा राहिला. पुढे शुंग-सातवाहनांच्या काळात तो वाढवला गेला आणि भोवती प्रदक्षिणापथ व दगडी कठडा आला. चांडकापूरच्या टेकडीतही असाच दुसरा स्तूप निघाला.

आमच्याबरोबरच्या एका मुलाने तेथे विचारले, "पण भगवान बुद्धांची मूर्ती कुठे आहे?" प्रश्न अगदी योग्य होता. त्या काळी बुद्धांची मानवी रूपात मूर्ती घडवत नसत. बोधिवृक्ष, रिकामे आसन, धम्मचक्र, स्तूप अशा खुणांनी त्यांचे अस्तित्व दाखवीत. पवनीच्या कठड्याच्या खांबांवर हेच कोरलेले आहे. हात जोडून उभी असलेली माणसे दिसतात, पण ज्याला ती वंदन करतात ते आसन मात्र मोकळे.

त्यातलाच एक खांब फार महत्त्वाचा. त्यावर रिकाम्या आसनावर छत्र धरलेला पाच फण्यांचा नाग आहे आणि शेजारी ब्राह्मी अक्षरांत त्याचे नाव कोरले आहे. हा मुचलिंद नागराजा. ज्ञानप्राप्तीनंतर तथागत ध्यानस्थ असताना सात दिवस अवकाळी पाऊस आणि गारठा होता, तेव्हा त्याने त्यांच्यावर फणा धरला, ही कथा आपण ऐकली आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना नाग लोकांचा उल्लेख केला होता. या एका शिल्पावरून मोठा इतिहास सिद्ध झाला असे म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. विद्यार्थ्यांनीही करू नये. पण वैनगंगेकाठी दोन हजार वर्षांपूर्वी नागाला एवढा मान होता, एवढे तर दगडच सांगतो.

हा खांब आज पवनीत नाही, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. २०२३ साली तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील प्रारंभिक बौद्ध कलेच्या प्रदर्शनात मांडला गेला. अमेरिकेतल्या माणसाने तो पाहिला आणि लाखनीच्या मुलाला त्याचे नावही ठाऊक नाही, ही गोष्ट आम्हाला बोचते.

दुसरे एक सांगावेसे वाटते. या खांबांवर आणि फरशांवर दान देणाऱ्यांचे लेख आहेत, प्राकृत भाषेत, ब्राह्मी लिपीत. अमक्याचे दान, तमक्याचे दान. म्हणजे एवढा मोठा स्तूप एकट्या राजाच्या तिजोरीतून उभा राहिलेला नाही. कुणी एक खांब दिला, कुणी एक आडवी पट्टी. आपल्या विहाराच्या वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

दरवर्षी ८ फेब्रुवारीला पवनीजवळच्या रुयाळ येथे, जपानी बौद्धांच्या सहकार्याने उभ्या झालेल्या महास्तूपावर धम्म महोत्सव भरतो. आपल्या भागातून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसे जातात. नवा महास्तूप देखणा आहे. मात्र तिथवर गेलेली माणसे जवळच असलेल्या जुन्या स्तूपाकडे न वळता परततात. माणसांचे पाय लागले नाहीत तर अशा जागांचे काय होते, हे जुन्या गावांत कुणालाही विचारा. विटा घरांच्या भिंतीत जातात, कोरीव दगड कपडे धुवायला जातो. टेकडीवर देऊळ आहे, तेथे भाविक येतात, त्यांच्याशी आपले काही भांडण नाही. खाली काय आहे ते त्यांनाही सांगितले पाहिजे, आणि सांगण्याआधी ते आपल्याला माहीत पाहिजे.

दुपारी घाटावर बसून आम्ही डबे सोडले. मुलांनी वह्यांत ब्राह्मीची अक्षरे काढून पाहिली. 'दानं' हा शब्द दोघींना न चुकता लिहिता आला. वेळ उरला असता तर गोसेखुर्दचे धरणही पाहिले असते. त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली आणि त्याच्या पाण्याखाली कितीतरी गावे गेली. तो विषय मोठा आहे, त्याला वेगळा दिवस लागेल.

पुढची सहल रुयाळच्या महोत्सवाच्या दिवशीच काढावी असे ठरते आहे. सकाळी जगन्नाथ टेकडी, मग महास्तूप. ज्यांना यायचे आहे त्यांनी संस्थेच्या कार्यालयात नाव द्यावे, डबा, पाणी आणि एक कोरी वही आणावी. ब्राह्मीचा तक्ता आम्ही सोबत घेऊ.