रंगांची रोजची बैठक



चित्रकारांचं संमेलन हदगावसारख्या तालुक्याच्या गावी भरवायचं धाडस तुम्ही केलंत आणि अध्यक्षपदाचा मान मला दिलात, याबद्दल मनापासून आभार. 1952 साली मुंबईत जहांगीर कलादालन उभं राहिलं. त्यानंतर आपल्या महाराष्ट्रात चित्रकार मोजायचं एक माप ठरून गेलं: याचं प्रदर्शन जहांगीरला लागलं का? ते माप खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण ते चित्रकाराच्या आयुष्यातले आठ-दहा दिवस मोजतं. उरलेले दिवस कुठे जातात, कसे जातात, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मी आज त्या दिवसांबद्दल बोलणार आहे.

गवयाच्या घरी पहाटे तंबोरा लागला नाही तर घरातली माणसं विचारतात, आज बरं नाही का? चित्रकाराला असं कुणी विचारत नाही. त्याचं काम 'मूड'वर चालतं अशी समजूत पसरलेली आहे, आणि ती पसरवण्यात काही चित्रकारांचाही हात आहे. माझा अनुभव उलटा आहे. बैठक रोज घातली की मूड येतो. त्याची वाट पाहत बसलं की महिने जातात.

ही बैठक दिसते कशी? माझ्या कामाच्या खोलीला उत्तरेकडे एक खिडकी आहे. तिच्यातून ऊन आत येत नाही, उजेड येतो, आणि तो तासाभरात फारसा बदलत नाही. टेबलावर पाण्याचे दोन डबे, एक ब्रश धुवायला, दुसरा रंग कालवायला. पांढरी इनॅमलची ताटली हे माझं पॅलेट. कागद फळीवर गोंदाच्या पट्टीने चारी बाजूंनी चिकटवलेला, म्हणजे ओला झाल्यावर फुगला तरी वाळताना ताणून सपाट होतो. पहिली दहा मिनिटं चित्र काढायचंच नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एवढे दोनच रंग घ्यायचे आणि त्यांचे करडे तयार करायचे. निळा थोडा जास्त झाला की ढगाळ सकाळ, सिएना जास्त झाला की वाळलेली पऱ्हाटी, आणि दोन्ही दाट घेतले की पहिल्या पावसानंतरची आपली काळी जमीन. या जमिनीला काळी म्हणतात, पण ट्यूबमधला काळा रंग तिथे लावून पाहा, शेत मरून जातं. तिच्यात निळा आहे, जांभळा आहे, ओलावा असेल तर आकाशही आहे.

मग समोर एक वस्तू. कित्येक दिवस ती एकच असते. सध्या पितळी तांब्या आहे. तांब्या पिवळा आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि हे माहीत असणंच आड येतं. नीट पाहिलं तर त्याच्या पोटाखाली जमिनीचा लालसर रंग चढलेला दिसतो, काठाजवळ खिडकीची निळसर रेघ दिसते, आणि खरा पिवळा बोटभरच उरतो. चमक रंगवायची नसते, ती सोडायची असते; पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. चित्रकार हळदणकरांचं समईवाल्या स्त्रीचं जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. तिने ज्योतीवर हात धरला आहे आणि बोटांमधून उजेड झिरपतो आहे. तो उजेड पाहताना ब्रश कुठे थांबला याचा विचार करा. थांबणं हातात मुरायला वर्षं लागतात, आणि ती रोजच्या टेबलावरच जातात.

आपल्या भागाची एक अडचण पुस्तकांत सापडत नाही. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर गेला की वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, कागदावर उतरायच्या आत वाळतो. आकाश रंगवायला घ्यावं तर मध्येच कडा पडतात. युरोपातल्या दमट हवेत लिहिलेल्या सूचना इथे उपयोगाच्या नाहीत. मी पहाटे उजाडताच काम उरकतो, कागदाची मागची बाजूही ओली करतो, पाण्यात ग्लिसरिनचा एखादा थेंब टाकतो. इथल्या चित्रकारांनी आपापल्या युक्त्या लिहून ठेवाव्यात असं मला फार वाटतं. आपला उन्हाळा हा आपल्या चित्रकलेचा विषय आहे आणि अट सुद्धा.

आता या कामातून मिळणाऱ्या निवांतपणाबद्दल. लोक म्हणतात, चित्र काढलं की बरं वाटतं. का वाटतं? माझं उत्तर असं की त्या तासाभरात डोळा, हात आणि मन एकाच ठिकाणी असतात, आणि दिवसाच्या इतर कुठल्याही वेळी ते तसे नसतात. तांब्याच्या काठाची वळणरेषा काढताना बाजारभाव आठवत नाही. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. 39 प्रौढांनी 45 मिनिटं चित्रं काढली, मातीकाम केलं, कागद चिकटवले. त्यांच्यापैकी सुमारे 75 टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित असलेलं संप्रेरक, कमी झालेलं आढळलं. महत्त्वाचं म्हणजे आधी कलेचा अनुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, पण त्याचा निष्कर्ष आपल्यापैकी अनेकांनी अंगाने अनुभवलेला आहे. फ्रेंच चित्रकार मातिसचंच पाहा. तो विशीत वकिलाच्या कचेरीत कारकून होता. अपेंडिक्सच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, आणि वेळ जावा म्हणून आईने रंगांची पेटी आणून दिली. त्या पेटीने त्याचं आयुष्य फिरवलं.

तरीही मी इथे जपून बोलतो. चित्राने कर्ज फिटत नाही, गेलेलं पीक परत येत नाही. ज्याच्या घरावर संकट आहे त्याला रंगपेटी देऊन आपली जबाबदारी संपत नाही. मात्र ज्या माणसाला स्वतःचा एक निवांत तास आहे, तो दुसऱ्याचं ऐकून घ्यायला थोडा अधिक मोकळा असतो, एवढं मी पाहिलेलं आहे.

रोजच्या बैठकीचे प्रकार वेगवेगळे. इथे बसलेल्या बहुतेक कलाशिक्षकांची तक्रार असते की नोकरीत चित्रकार हरवतो. त्यांनी चित्रकार रावबहादूर धुरंधरांकडे पाहावं. 1890 साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून शिरले आणि 1931 पर्यंत त्या वास्तूत राहिले. त्या काळाच्या आठवणींचं 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे पुस्तक 1940 साली आलं. शिकवणं, परीक्षा, कचेरीची कामं हे सगळं सांभाळून त्यांनी चित्रांचा डोंगर उभा केला. दुसऱ्या टोकाला चित्रकार गायतोंडे. नागपुरात जन्मलेला, दिल्लीत एकांतात राहिलेला हा माणूस वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास करायचा. त्याचं बसून राहणं, पाहत राहणं हाही कामाचाच भाग होता. चित्रकार प्रभाकर बरवे डायरी लिहायचे, वस्तूंबद्दल, अवकाशाबद्दल. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक वाचताना कळतं की या चित्रकाराची बैठक वहीतही चालू होती. आणि इटलीतल्या बोलोन्यात चित्रकार मोरांदी, राहत्या घरातल्या लहानशा खोलीत, त्याच त्या बाटल्या आणि भांडी मांडून आयुष्यभर रंगवत राहिला. हदगावच्या घराघरांत मोरांदीच्या खोलीत होती त्यापेक्षा जास्त भांडी आहेत. विषय शोधायला परदेशात जायची गरज नाही.

आपल्या मराठवाड्याला तर या कामाचा वारसा अजिंठ्यापासून आहे. तिथल्या कारागिरांनी दगडावर मातीचा लेप दिला, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळले, वर चुन्याचा पातळ थर दिला आणि कोरड्या पृष्ठभागावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. लांबून आणावा लागला तो निळा, अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा. गेरू म्हणजे लोहयुक्त माती. पोळ्याच्या आधी आपल्या बाजारात हुरमुंज मिळतो, तोही याच लाल मातीच्या गोतातला. बैलाचं शिंग रंगवणारा हात आणि अजिंठ्याच्या पद्मपाणीचं बोट रंगवणारा हात यांच्यात दीड हजार वर्षं आहेत, पण रंगद्रव्य सोयऱ्यातलं आहे.

अजिंठ्याने पुढच्या चित्रकारांनाही बैठक शिकवली. 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे. च्या विद्यार्थ्यांकडून तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती करून घेतल्या. त्यातल्या बऱ्याच पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या. पण त्या मुलांचे हात तयार झाले होते. 1909 पासूनच्या दोन हिवाळ्यांत, प्रती करायला आलेल्या इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत बंगालहून नंदलाल बोस आले, तसे हैदराबादहून सय्यद अहमद आणि मोहंमद फजलुद्दीनही आले. आपण तेव्हा हैदराबाद संस्थानात होतो. ते आपल्याच मुलखाचे चित्रकार. सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचे अभिरक्षक झाले. बंगालच्या पाहुण्यांची नावं पाठ असलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना ही दोन नावं ऐकूनही माहीत नसतात, याची मला खंत आहे. कलाशिक्षकांनी ती वर्गात सांगावीत.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुलं बसवता, त्याचा अभिमान आहे. पण वर्षभर चित्रकलेचा तास गणिताच्या जादा तासाला देऊन सप्टेंबरात मुलांकडून स्थिरचित्र घोटून घेऊ नका. आठवड्याचा तो तास राखा, आणि शाळेत एक कपाट असं ठेवा की ज्यात अर्धवट चित्रं पुढच्या तासापर्यंत सुरक्षित राहतील.

दुसरी विनंती इंटरमिजिएटचं प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवून संसाराला लागलेल्या माझ्या भावा-बहिणींना. तुमच्यापैकी कितीतरी जण या मंडपात आहेत. रंगांच्या बारा ट्यूबा, आठ नंबरचा एक गोल ब्रश आणि जाड कागदाची वही एवढं पुरे. घरात जिथे ऊन येत नाही पण उजेड येतो ती जागा शोधा, तिथलं सामान रोज उचलावं लागणार नाही अशी व्यवस्था घरच्यांकडून मागून घ्या, आणि उद्या सकाळी बसा. पुढच्या संमेलनाला येताना ती वही सोबत आणा. मला ती पाहायची आहे.